काळी एकमध्ये लावलेला तंबोरा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात बैठक जमली की तंबोरा गवसणीतून काढण्याआधी एक प्रश्न ठरलेला असतो: ‘पट्टी कुठली?’ पुरुष गायक असेल तर उत्तर बहुधा ‘काळी एक’ किंवा ‘काळी दोन’ असे येते, बाई गाणार असेल तर ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी पाच’. मग त्या पट्टीवर तंबोऱ्याचा षड्ज लागतो. ही देवघेव इतकी रोजची आहे की तिच्यात काही नवल आहे असे कुणाला वाटत नाही. तंबोरा या नावाचे नाते पुष्कळ अभ्यासक फारसी ‘तंबूर’शी लावतात, काही जण ते तुंबरूपर्यंत मागे नेतात. ते काहीही असो, त्याचा षड्ज ज्या पट्टीने ठरतो, ती पट्टी मात्र पॅरिसची. अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी त्याला हाताचा भाता बसवून मांडी घालून वाजवण्याजोगे केले, आणि आपल्याकडे त्याची ‘पेटी’ झाली. इराणकडून आलेले आणि युरोपातून आलेले असे दोन प्रवाह इथे एका षड्जावर येऊन थांबतात. फ्यूजन हा शब्द त्यासाठी कुणी वापरत नाही, कारण हे मिश्रण आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलेले नाही.

फारसी परंपरा आणि आधुनिक पाश्चात्त्य संगीत यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न निघाला की तेहरान, पॅरिस, लॉस एंजेलिस अशी नावे डोळ्यांसमोर येतात. त्यांतल्या तेहरानकडे पुढे वळूच. पण त्याच प्रश्नाची एक जुनी, लांबलेली आणि बरीचशी उत्तरे हाती देणारी कहाणी कृष्णा ते मलप्रभा या टापूत घडली आहे, आणि तिच्याकडे त्या नजरेने फारसे पाहिले गेलेले नाही. ही कहाणी तपासली तर एक गोष्ट वारंवार दिसते. दोन परंपरा शेजारी बसवल्या म्हणून मेळ बसत नाही. नव्याने आलेल्या वाद्याने किंवा पद्धतीने कुठले काम उचलले आणि कुठल्या कामात हात घातला नाही, यावर तो ठरतो. साथ, रंगमंच, ध्वनिमुद्रण, गाण्याची लांबी ही कामे पाश्चात्त्य साधनांनी आपल्याकडे सहज घेतली. स्वर नेमका कुठे लागायचा आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे जायचे, हा अधिकार जिथे गळ्याकडे राहिला तिथे मिश्रण टिकले. तो हिसकावला गेला तिथे ते उपरे राहिले.

आधी फारसी थर पाहू. १४७३ च्या सुमारास बेळगावचा किल्ला बहमनी सत्तेसाठी जिंकणारा महमूद गवान मूळचा कास्पियन काठच्या गिलानचा. पुढे आदिलशाहीत बेळगावचा कारभार ज्याच्याकडे होता तो असदखान लारी १५४९ मध्ये वारला. त्याच्या नावातला ‘लारी’ हा दक्षिण इराणमधल्या लार गावाचा, आणि किल्ल्यातल्या साफा मशिदीशी त्याचे नाव आजही जोडले जाते. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाल १५८० ते १६२७) तर संगीतवेडा राजा. त्याच्या तंबुराचे नाव मोतीखाँ. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’मधली गीते दख्खनी भाषेत आहेत आणि त्यांच्यावर रागांची नावे दिलेली आहेत, भूपाळी, तोडी, मल्हार, केदार यांच्याच पंगतीत तिथे हिजाज आणि नौरोजही बसलेले आढळतात. त्याच्या आधी, सोळाव्या शतकातच, कर्नाटकातून उत्तरेकडे गेलेल्या पुंडरीक विठ्ठलाने ‘रागमंजरी’त फारसी चालींची नोंद केली आणि त्यांना जवळचे एतद्देशीय रागही सुचवले होते. म्हणजे दोन संगीतांची तुलना करण्याची बुद्धी आपल्याकडे चारशे वर्षांहून जुनी आहे.

इथेच पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नाव फारसी असले म्हणजे स्वर फारसी असतातच असे नाही. हुसेनी कानडा, हुसेनी तोडी, सरपरदा, झिलफ ही नावे ऐकून इराणी दस्तगाहांची, म्हणजे तिथल्या रागसदृश स्वरचौकटींची, आठवण काढणे भाबडेपणाचे आहे. इराणी संगीतात गांधार, धैवत अशा काही स्वरांचे एक मधले रूप असते, शुद्धाच्या खालचे आणि कोमलाच्या वरचे. त्याला तिकडे ‘कोरोन’ म्हणतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर कोमल गांधार ३०० च्या, शुद्ध गांधार ४०० च्या आसपास येतो, आणि इराणी वादकाचा मधला गांधार साडेतीनशेच्या आगेमागे, वादकागणिक थोडा खालीवर. आपल्या रागांत हे रूप स्थिर स्वर म्हणून उरलेले नाही. तेव्हा फारसी स्वरसप्तक इकडे आले असे म्हणता येणार नाही. आले ते काय? गवयाच्या रोजच्या बोलण्यातले शब्द पाहा: ख्याल, तराणा, बंदिश, रियाज, मैफल, साजिंदे, दाद. हे नुसते शब्द नाहीत, गाणे कसे मांडायचे, कुणासमोर मांडायचे आणि ऐकणाऱ्याने कसे वागायचे याची सगळी घडी त्यांच्यात आहे. शिवाय एक वाद्यातली सोय आली, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. सतारीच्या दांडीवरचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. इराणी तार आणि सेतारचे पडदे आतड्याच्या तातीचे, तेही सरकतात. फारसीत ‘पर्दे’ म्हणजे पडदाही आणि स्वराची चालही. स्वर सरकू शकतो हे दोन्हीकडच्या वाद्यांनी मान्य केलेले आहे. बेळगावहून साठ-सत्तर मैलांच्या आत मिरज आहे. तिथे एकोणिसाव्या शतकापासून शिकलगारांच्या घराण्यातून निघालेले सितारमेकर मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांवर तंबोरे आणि सतारी घडवत आले आहेत, आणि २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारी काढणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासतो तेव्हा तोही स्वराची जागा हलती ठेवत असतो.

आता रंगभूमी. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. (याच गावात १८६९ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. एका खेड्याने मराठी माणसाला संगीत नाटक आणि लोखंडी नांगर दोन्ही द्यावेत, हा योग गमतीचा आहे.) बेळगावात अण्णासाहेबांनी शिक्षकी केली, गोविंद बल्लाळ देवल तिथलेच त्यांचे शिष्य. पुण्यात पारशी मंडळीने केलेला ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून आपणही असे गाण्याचे नाटक करावे असे अण्णासाहेबांच्या मनात आले, ही गोष्ट नाट्येतिहासात सर्वपरिचित आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. त्यातल्या घटकांची बेरीज करून पाहावी. ‘इंद्रसभा’ लखनौच्या आगा हसन अमानतची, गझल-ठुमरीने भरलेली, तिच्या भाषेच्या पाठीमागे सारी फारसी काव्याची परंपरा. ती सादर होत होती ती चौकटीच्या रंगमंचावर, रंगवलेल्या पडद्यांसमोर, तिकीट लावून. हे सगळे इंग्रजी नाट्यगृहाचे. अण्णासाहेबांनी त्यावर कालिदास ठेवला आणि चाली घेतल्या त्या साकी, दिंडी, लावणीच्या, आणि कानात लहानपणापासून असलेल्या कानडी पदांच्याही. फारसी परंपरेतून आली गाण्याने नाटक चालवण्याची कल्पना, युरोपातून आली चौकट. स्वर मात्र इथल्या मातीतले राहिले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत हे नाट्यगीत ख्यालाकडे आणि ठुमरीकडे सरकले. १९११ च्या ‘मानापमान’ला कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी दिलेल्या चाली आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली ही त्या सरकण्याची शिखरे. सावंतवाडीकडच्या रामकृष्णबुवा वझ्यांनी ‘रणदुंदुभि’ आणि ‘संन्यस्त खड्ग’साठी बांधलेल्या चालींत तर घराण्याची अवघड वळणे थेट प्रेक्षागृहात उतरली.

या साऱ्या काळात पेटी वाजतच होती, आणि तिच्यावरचा वादही. वाद खरा आहे, त्याला आकड्यांचा आधार आहे. नैसर्गिक शुद्ध गांधार ३८६ सेंटवर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून तोच आपसूक उमटतो. पेटीचा गांधार सप्तकाचे बारा समान तुकडे करून मिळवलेला, म्हणून ४०० वर. फरक चौदा सेंटचा. पंचमात तो फक्त दोन सेंट आहे, कानाला जाणवतही नाही. पण गांधार दुखतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर प्रयोग केले, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतिपेटी बनवण्याचा घाट घातला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची चर्चाही झाली. गवयांनी मात्र ती उचलली नाही. मला या अपयशात मोठा धडा दिसतो. देवलांची चूक गणिताची नव्हती. पट्टीत अधिक श्रुती कोंबल्या तरी पट्टी पट्टीच राहते. तिथला स्वर अधिक अचूक होतो, पण हलत नाही. आणि गवयाचा दरबारी रागातला गांधार कधी एका ठिकाणी उभा राहतच नाही. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने पेटीवर बंदी घातली. धारवाडचे केंद्र १९५० मध्ये सुरू झाले तेव्हाही ती लागू होती, म्हणजे सीमाभागातल्या गायकांना घरच्या बैठकीत पेटी आणि नभोवाणीवर सारंगी अशी दुहेरी सवय ठेवावी लागे. बंदी सैल झाली ती सत्तरच्या दशकात. तीस वर्षांच्या बंदीने पेटी मेली नाही याचे कारण फक्त सोय असे म्हणणे अपुरे आहे. बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७ ते २०१०) यांच्यासारख्या वादकाने आयुष्यभर पेटीवर गायकी वाजवली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकवले. भात्याचा दाब, बोटाचे घसरते येणे, कणस्वराची घाई यांतून ते मींडेचा भास निर्माण करत. पट्टी न सरकणारी आहे हे मान्य करून तिला गळ्याच्या मागे चालायला लावणे, हा इथल्या पेटीवादनाचा खरा शोध.

याचा सर्वांत देखणा पुरावा गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत आहे. बालगंधर्वांच्या पायाशी हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवाँचा तबला. ऑर्गन चर्चमधून आलेले पायपेटीचे वाद्य, सारंगी अगदी गळ्यासारखी. दोघांच्या कामांची वाटणी पाहण्यासारखी होती: ऑर्गन षड्ज-पंचमाची रुंद जमीन धरून बसणार, मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोचवणार, गांधाराची आणि निषादाची नाजूक कामे सारंगीने करायची. ऑर्गनने मींड घेण्याचा हट्ट केला नाही, सारंगीने नाट्यगृह भरण्याचा नाही. गंधर्वांचा गळा दोघांमधून वाट काढत जाई. कुणी सिद्धान्त मांडला नव्हता, पण मिश्रणाचे व्याकरण इथे पक्के झाले होते.

इराणात हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. आल्फ्रेड लमेर हा फ्रेंच लष्करी संगीतकार १८६८ मध्ये तेहरानला आला, दारुल्फनून या शिक्षणसंस्थेत लष्करी बँड शिकवू लागला. युरोपीय लिपी आणि वाद्ये तिथून पसरली. अली नकी वझीरी (१८८७ ते १९७९) युरोपात शिकून १९२३ मध्ये परतले, त्यांनी संगीतशाळा काढली आणि मधल्या स्वरांसाठी ‘कोरोन’ व ‘सोरी’ ही चिन्हे रूढ केली. सप्तकाचे चोवीस समान भाग धरावेत म्हणजे इराणी संगीतालाही स्वरमेळ रचता येईल, असा त्यांचा विचार होता. चिन्हे टिकली. चोवीस समान भागांचा आग्रह मात्र पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढला, कारण वादकांचे मधले स्वर नेमके अर्ध्यावर पडत नाहीत. देवलांच्या श्रुतिपेटीची ही जणू चुलत बहीण. दुसरा मार्ग मोर्तेजा महजूबींचा. त्यांनी पियानोच बदलला, त्याच्या तारा दस्तगाहाप्रमाणे लावून घेतल्या आणि त्यावर संतूरसारखे वाजवले. वझीरींनी स्वराला वाद्याकडे नेले, महजूबींनी वाद्याला स्वराकडे आणले. आज रसिकांच्या जिवाला भिडते ते महजूबींचे वादन.

स्वरमेळाची, म्हणजे कॉर्डची, अडचण दोन्हीकडे वेगळ्या जागी येते, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. पाश्चात्त्य कॉर्डचे रूप ठरवतो तिचा मधला स्वर, म्हणजे गांधार. तो कोमल की शुद्ध यावर कॉर्ड उदास की प्रसन्न हे ठरते. इराणी मधला गांधार दोन्ही नसल्याने तिथे कॉर्ड गांधारावर अडखळते. आपल्याकडे गांधार बऱ्यापैकी ओळखीचा आहे, तिथे निभावता येते. पण आपला षड्ज अखंड वाजतो. कॉर्ड मागते ती हलणारी जमीन, तंबोरा देतो ती न हलणारी. म्हणून आपल्याकडे कॉर्ड षड्जावर अडते. इराणी संगीतात असा अखंड आधारस्वर नसल्याने तिथे जमीन हलवायला हरकत नव्हती. इराणी केमांचेवादक कायहान कल्होर आणि सतारिये शुजात खाँ यांनी नव्वदच्या दशकात ‘गझल’ नावाने एकत्र वादन केले ते कॉर्डविना, धुनेच्या अंगाने, आणि म्हणून ते जमले. केमांचेला पडदेच नव्हते आणि सतारीचे सरकणारे होते.

गझल म्हटले की मराठीत कोल्हापूर आठवायलाच हवे. निपाणीपासून हाकेच्या अंतरावर, राजाराम महाविद्यालयात माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, फारसी शिकवत. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश दिला, ‘छंदोरचना’त फारसी वृत्तांची शिस्त लावली, ‘गज्जलांजली’त गझल मराठीत आणली. वृत्त आले, पण त्याला शोभेल असे गाणे यायला पुढची कित्येक दशके जावी लागली. त्याच कोल्हापुरात १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी निघाली. तिच्यासाठी पुढे केशवराव भोळ्यांनी वाद्यवृंदाचा वापर भाव सांगण्यासाठी कसा करावा ते दाखवले. ‘कुंकू’च्या हिंदी अवतारात शांता आपट्यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घालण्याइतके त्यांचे धाडस होते. पुढे मुंबईच्या चित्रपटांत गोव्याचे ख्रिस्ती वादक आले, अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखे वाद्यमेळ रचणारे आले, आणि स्वरमेळ आपल्या कानांत शिरला. सुरेश भटांच्या गझलांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या तेव्हा माधव जूलियनांच्या वृत्तांना पाश्चात्त्य वाद्यमेळाचे अंगण मिळाले. जगजितसिंगांनी उर्दू गझलेत गिटार आणली त्यालाही हीच पार्श्वभूमी. तिथे तंबोरा गप्प झाला, म्हणूनच कॉर्डला जागा झाली. हा सौदा होता आणि त्याची किंमतही होती: षड्ज हलला की राग पातळ होतो. कवितेचे शब्द पुढे यायचे असतील तर ही किंमत रास्त, रागच ऐकवायचा असेल तर महाग. दोन्ही एकाच वेळी मिळतील असा दावा जे करतात त्यांच्याशी माझे पटत नाही.

हे सगळे उच्चभ्रूंचे झाले, रस्त्यावर काय, असा दुसरा आक्षेप येईल. रस्त्याची कहाणी अधिकच गमतीची आहे. कोल्हापूर-बेळगाव भागात मिरवणुकीत ज्याला ‘बेंजो’ म्हणतात ते अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ मध्ये जपानच्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचा तो भारतीय भाऊ, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेला. हिंदुस्थानात त्याचे नाव पडले बुलबुलतरंग: बुलबुल फारसी, तरंग संस्कृत, कळा पाश्चात्त्य बारा स्वरांच्या. पुढे त्याला वीज जोडली आणि गणपतीपुढे ताशासोबत बेंजो पार्टी वाजू लागली. ताशा फारसी वळणाचा, ‘तमाशा’ आणि ‘शाहीर’ हे शब्दही त्याच वाटेने आलेले. बेळगावचा कँप आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र यांमुळे लष्करी बँडचा कवायती आवाजही या गावाच्या कानावर आहे, आणि लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट सनईची जागा घेते तेव्हा त्यातून मींड काढणारे वादक मनापासून दाद घेतात. क्लॅरिनेटला ओठांच्या दाबाने स्वर वाकवता येतो, म्हणून ते सनईच्या घरात सुखाने नांदले. बेंजोला वाकवता येत नाही. तो ठेका आणि उत्साह देतो, आलापीच्या वाटेला जात नाही, आणि तेच शहाणपणाचे आहे.

तिसरा आक्षेप सीमाभागात सर्वांत नाजूक: ही गोष्ट मराठी की कानडी? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आणि १९६७ च्या सीमाप्रश्नावरील महाजन अहवालानंतर इथे प्रत्येक गोष्टीवर पाटी लावण्याची सवय पडली आहे. गुर्लहोसूरचे अण्णासाहेब मराठी रंगभूमीचे. सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व मूळ कानडी घरातले आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ गाणारे. पाटी कुठली लावणार? पाट्यांचा वाद राजकारणात खरा असेल, पण गाण्याने तो कधी विचारलेला नाही. ज्या लोकांनी फारसी आणि फिरंगी वाद्ये पचवली, त्यांना कानडी-मराठी चालींची देवघेव जड का जावी?

आता नवे वाद्य दाराशी आहे. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी सत्तरच्या दशकाअखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला, त्यावर षड्ज बारीक फिरवण्याची चकती होती. आज तोच तंबोरा मोबाइलमध्ये आहे आणि पडद्यावर ‘सी शार्प’ असे लिहून येते. अरबी आणि इराणी बाजारासाठी बनवलेल्या काही कीबोर्डांना मधले स्वर देणारी बटणे असतात, एका बटणाने गांधार खाली येतो. आपल्या ऑर्केस्ट्रांत वाजणाऱ्या कीबोर्डावर ही बटणे फारशी दिसत नाहीत. दिसली तरी ३८६ चा गांधार लावून घेण्याची तसदी कोण घेतो? पेटीचे सूर लावणारा जुना कारागीर रीड कानशीने हलके घासून गवयाच्या सांगण्याप्रमाणे गांधार थोडा उतरवून देत असे. ते काम आता बटणावर आले आहे, आणि बटण दाबायचे की नाही हे ठरवणारा कान अजून तंबोऱ्याजवळच बसलेला आहे. बेळगावच्या शिकवणीत मोबाइलवर ‘सी शार्प’ दिसले तरी तोंडातून निघते ते ‘काळी एक’च.